लाल लुगडं आणि पांढरी वेट्टी

तुमच्या या सदरात लोक जे लिहितात ते मी सुनेकडून वाचून घेते आणि मग तिच्याशीच भांडते. अमावास्या काय, पिंपळ काय, रात्री दोन वाजता एकटाच गाडी घेऊन निघालेला माणूस काय... दोन वाजता घरी झोपावं की माणसानं. मी ऐंशीला एक कमी आहे. दोन बाळंतपणं, नवऱ्याचं मरण, कावेरीचं पाणी उंबऱ्याला लागलेलं, सगळं बघितलं. भूत काही बघितलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि हे सांगून झाल्यावरही बसणार नाही. पण जे झालं ते दिवसाउजेडी झालं, कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, वेळेला झालं, आणि घरात चार माणसं होती. म्हणून सांगते.

मी बोलते आणि सून टाईप करते. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तेही तमिळ शाळेत. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले, तेव्हापासून आम्ही घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ. सून पुण्याची. पहिल्या वर्षी मी 'मजला ठाव नाही' म्हटलं की तोंडावर हात ठेवून हसायची. आता तिनं माझं बोलणं सरळ करून लिहिलंय. भांडणं मात्र झाली तशीच ठेव, असं मी तिला सांगितलंय.

घर कुंभकोणम्‌ला, महामहम् तळ्यापासून चालत चार मिनिटांवर. दोन खोल्या, पुढे बसायला तिण्णै — म्हणजे ओटा — आणि वर गच्ची. माझ्या वडिलांचं घर. भाऊ मद्रासला राहिला म्हणून माझ्याकडे आलं.

तो भाऊ म्हणजे वेंकटराव. मी अण्णा म्हणते. अठ्ठ्याऐंशीचा आहे. विमान चालवायचा. वहिनी गेल्यावर सामान बांधून माझ्याकडे आला, त्याला दहा वर्षं झाली. कानानं ठार बहिरा... इंजिनांनी खाल्ले कान. त्याला काही सांगायचं तर वहीत तमिळमध्ये लिहून दाखवावं लागतं. मशीन आणलं कानाचं, तर म्हणतो त्यात सगळ्यांचे आवाज बेडकासारखे येतात. पडलंय डब्यात.

दर महिन्याला त्रिचीहून नटेसन येतो. हा अण्णाच्या विमानात रेडिओ सांभाळायचा. त्या काळी त्यासाठी वेगळा माणूस असे. दोघं माजघरात दोन खुर्च्या टाकून बसतात आणि सुरू होतात. ती डाकोटा विमानं, तो पेट्रोलचा वास, खिडकी सरकवून कोपर बाहेर काढून चालवायचं. नकाशा मांडीवर आणि डोळे खाली... ही कोळ्ळिडम् नदी, ही कावेरी, हे अमुक देवळाचं गोपुर, आता डावीकडे. हल्लीच्या पोरांना म्हणे नदी कुठली आणि नाला कुठला कळत नाही, काचेकडे बघून उतरतात. अण्णाला नटेसनचं ऐकू येत नाही आणि नटेसन अण्णाचं ऐकत नाही. गरजच नाही. साठ वर्षं तेच चाललंय, कुठं हसायचं ते दोघांना पाठ आहे.

मला त्या गप्पांचा राग येतो. स्पष्टच सांगते. एकदा नटेसन म्हणत होता, पावसाळ्यात विमान असं गळायचं की कॅप्टन मांडीवर मेणकापड घेऊन बसायचे, काय दिवस होते ते.

मी म्हटलं, "आमच्या स्वैपाकघरातही गळायचं. मीही डोक्यावर पोतं घेऊन भात शिजवलाय. त्याचं कौतुक करायला त्रिचीहून कुणी आलं नाही."

नटेसन म्हणाला, "तंगच्ची, तुला नाही कळायचं ते." धाकटी बहीण म्हणतो मला. बोलणं गोड आहे त्याचं, पण अर्थ तोच, की तू गप्प बस.

राग येण्याचं खरं कारण वेगळं आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अण्णा पंचविशीत होता. मद्रासहून त्रिचीला माणसं आणि टपाल घेऊन जायचा. वाटेत कुंभकोणम्. चारला दहा कमी असताना आमच्या डोक्यावरून जायचा. विमानाला दोन इंजिनं, दोन पंखे. दोन्ही पंखे सारखे फिरले की आवाज एकच येतो, सरळ. एक जरा मागे ठेवला की आवाज लाटेसारखा येतो — घूंऽम... घूंऽम... घूंऽम. तळं दिसलं की अण्णा उजवा पंखा मुद्दाम मागे ठेवायचा. आईला कळावं म्हणून. सगळी गल्ली म्हणायची, वेंकू आला.

आई मात्र गल्लीच्या आधी उठायची. देवघरात तिच्या लग्नातली समई होती, समयांसाठी नावाजलेल्या नाचियार्कोविल्‌ची, वर पितळेचा हंस. हंस जरा सैल होता. कानाला आवाज यायच्या आधी तो थरथरायचा, किर्र किर्र करायचा. की आई गच्चीवर.

गच्चीवर काय, तर कापड घालायचं. हे दोघा मायलेकांनी ठरवलेलं. लाल लुगडं पसरलं म्हणजे घरी सगळं ठीक, पुढे जा. पांढरी वेट्टी, म्हणजे धोतर, पसरली तर अडचण आहे, ये. तंजावरला लढाईच्या वेळची धावपट्टी होती, तिथं उतरून मोटारीनं तासा-दीड तासात येता आलं असतं. अण्णानं वरून कापड पाहिलं की पंखे सारखे करायचा. आवाज सरळ व्हायचा. पाहिलं, असा त्याचा अर्थ. मग विमान त्रिचीकडे. चार वर्षांत वेट्टी एकदाही घातली नव्हती.

तै महिना होता, पोंगलचा. आईला ताप येऊन चौथा दिवस. वडील डॉक्टरांना आणायला गेले होते. घरात ती आणि मी, मी सोळा वर्षांची. हंस थरथरला. मी वेट्टी घेतली, जिन्याकडे निघाले, आणि आईनं हाक मारली.

म्हणाली, "लाल घाल."

मी म्हटलं, "आई, तुजला बरं नाही."

"लाल घाल सांगितलं ना."

मी लाल घातलं. आवाज सरळ झाला. विमान गेलं. दिवेलागणीला आई गेली.

तार दुसऱ्या दिवशी पोचली. अण्णा आला तेव्हा राख गार झाली होती. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यानं मला विचारलं, "काय घातलं होतंस?" मी सांगितलं, लाल, आईनं सांगितलं म्हणून. तो म्हणाला, आई असं सांगणार नाही. बस्स. त्यानंतर साठ वर्षं तेच. ओरडला नाही, मारलं नाही. माझ्या लग्नात सगळं केलं. पण त्याच्या मनात एकच — तुळजानं, म्हणजे मी, मुद्दाम केलं.

मुद्दाम का, तेही सांगते. मला पाचवीनंतर शाळेतून काढलं तेव्हा वडिलांनी अण्णाचं मत विचारलं होतं. हा म्हणाला होता, हिला शिकून काय करायचंय. म्हणून मी सूड घेतला असं त्याला वाटतं. राग होताच मला, खोटं कशाला बोलू. आजही आहे. पण मी आईच्या मरणावर सूड उगवणारी बाई नाही. हे त्यानं एकदा तोंडानं कबूल करावं एवढीच माझी इच्छा होती. दोघंही ऐंशीच्या आसपास पोचलो, कोण आधी जाईल सांगता येत नाही. तो तसाच गेला असता तर मी जन्मभराची खोटारडी राहिले असते. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. साक्षीदार कुठून आणू?

आणि हा इसम दर महिन्याला नटेसनबरोबर बसून 'ते दिवस' आठवतो. सगळे दिवस आठवतो, तो एक सोडून.

आता त्या दिवशीचं. गेल्या वर्षी, पोंगल होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. मुलगा आणि सून तिरुक्करुगावूरला गेले होते. सुनेच्या बहिणीला दिवस गेले होते, तिच्यासाठी देवीचं तूप आणायला. घरात मी आणि अण्णा. तीनच्या सुमारास नटेसन आला, आणि या वेळी त्याची नात त्याला गाडीतून घेऊन आली. दिव्या नाव. सव्वीस वर्षांची. ती स्वतः विमान चालवते, दोन पंख्यांचं लहान विमान. केस कापलेले, बोलायला तिखट. मला लगेच आवडली.

अण्णानं तिला पाहिल्याबरोबर सुरू केलं. "तुमचं काय, बटण दाबायचं आणि झोपायचं. आम्ही हातानं चालवलंय."

दिव्या त्याला तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणते. तिनं वहीत लिहिलं. मला वाचून दाखवलं आणि मग त्याच्या पुढे धरलं. *तात्ता, तुमच्याबरोबर शिकलेल्यांपैकी किती जण म्हातारे झाले?*

अण्णानं वाचलं. नटेसनकडे पाहिलं. नटेसननं बोटांवर मोजायला सुरुवात केली, चार-पाच नावं घेतली आणि थांबला.

अण्णा म्हणाला, "ते वेगळं."

"वेगळं कसं?" मी म्हटलं. मग वही ओढून घेतली. मला माहीत नाही त्या दिवशी मला काय झालं. पोरगी खरं बोलली आणि म्हातारे गप्प झाले, ते बघून मला चेव आला असेल. मी मोठ्या अक्षरात लिहिलं — *सगळे दिवस सांगतोस. आई गेली तो दिवस सांग.*

अण्णानं वही मिटून मांडीवर ठेवली. दिव्याकडे बघून, परक्या पोरीसमोर, शांतपणे म्हणाला, "ह्या माझ्या बहिणीनं त्या दिवशी लाल घातलं."

"आईनं सांगितलं," मी ओरडले. त्याला ऐकू येणार नाही हे माहीत असून ओरडले.

ओठ बघून कळलं असेल. म्हणाला, "आई असं सांगणार नाही."

नटेसन खाली बघत होता. हळूच म्हणाला, "मी होतो त्या फेरीत. लाल दिसल्यावर हे त्रिचीपर्यंत गात होते. तीन दिवस आईचं पत्र नव्हतं ना... म्हणून गात होते."

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी कापी करायला उठले. दुसरं काय करणार?

देवघर माजघरातच आहे, भिंतीतला कोनाडा. समई तीच, आईची. हंस मात्र आता सैल नाही. दिवाळीच्या आधी मी ती बसमध्ये मांडीवर घेऊन नाचियार्कोविल्‌ला नेली होती, तिथल्या कारागिरानं हंस पक्का बसवून दिला. पिळून बघा म्हणाला, मी दोन्ही हातांनी पिळला, हलला नाही.

दूध वर आलं होतं. मी चूल बारीक केली आणि किर्र असा आवाज आला.

मी वळून दारातून माजघरात पाहिलं. हंस थरथरत होता. समईत ज्योत नव्हती, वारा नव्हता, पंखा बंद होता कारण नटेसनला सोसत नाही. हंस हलत होता आणि किर्र किर्र करत होता.

अण्णाची खुर्ची समईसमोर असते. तो हंसाकडे बघत होता. त्याला ऐकू आलं नसणार, दिसलं. त्याचा उजवा हात खुर्चीच्या हातावरून उठला आणि हवेत पुढे गेला, काहीतरी पकडल्यासारखा.

मग आवाज आला. घूंऽम... घूंऽम... घूंऽम.

दिव्या म्हणाली, "हे काय आहे?" आणि उठून उभी राहिली.

नटेसनच्या दोन्ही कानांत मशीन आहे. तो डोकं तिरकं करून ऐकत होता. म्हणाला, "उजवा मागे ठेवलाय." एवढंच. चेहरा पिठासारखा झाला होता त्याचा.

मी घाबरले का? नाही. माझं गुडघ्यांचं दुखणं आहे, मी जिना एकेक पायरी करत चढते. त्या दिवशी कशी चढले ठाव नाही. दिव्या माझ्या मागे, हातात फोन. वर ऊन होतं, आकाश पांढुरकं, ढग एक नाही, विमान नाही. आवाज मात्र तळ्याच्या बाजूनं येत होता, जवळ, लाटेसारखा. दोरीवर अण्णाची वेट्टी वाळत होती. तिच्या शेजारी सुनेची लाल साडी. दोन्ही हाताशी.

मी क्षणभर उभी राहिले. साठ वर्षांत मी हजार वेळा मनात हा जिना चढले आहे. प्रत्येक वेळी आई खालून हाक मारते आणि मी लाल घालते. त्या दिवशी कुणी हाक मारली नाही.

मी वेट्टी ओढली. जमिनीवर पसरली, कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या. आणि वर बघून मोठ्यानं म्हटलं, दिव्यानं ऐकलंय, "घे. साठ वर्षं बोलत होतास ना? घे पांढरं. आता वळ."

आवाज सरळ झाला.

एकच, अखंड, जसा व्हायचा तसा. डोक्यावरून गेला. मी वेट्टीकडे बघत होते, सावली पडेल म्हणून. पडली नाही. मला वाटलं आता त्रिचीकडे जाईल, नेहमी जायचा तसा. गेला नाही. आवाज वळला. तळ्यावरून, देवळावरून, बाजाराच्या बाजूनं, घराभोवती पूर्ण एक फेरी घातली त्यानं. दिव्या हात वर करून आवाजाबरोबर गोल फिरत होती, जिथं काहीच नव्हतं तिथं बोट दाखवत. मग तो तंजावरच्या दिशेनं गेला, खाली खाली होत. उतरायला निघाल्यासारखा. आणि संपला.

दिव्या मला पाट्टी म्हणते, आजी. म्हणाली, "पाट्टी, ही जुनी इंजिनं आहेत. आमचे तात्ता मला रेकॉर्डिंग ऐकवतात ना, तीच. आमच्या विमानात दोन्ही पंखे आपोआप सारखे राहतात. असा आवाज येतच नाही." फोनमध्ये तिनं विमानं दाखवणारं काहीतरी उघडलं होतं. जवळपास एकही नव्हतं. मग ती म्हणाली, "कंपनीत कुणाला सांगू नका, मला डोकं तपासायला पाठवतील."

मी म्हटलं, "मी कशाला सांगू, दूध उतू गेलं असेल."

खाली आलो. हंस थांबला होता. मी जाऊन पिळून बघितला. पक्का. नटेसन खुर्चीला धरून बसला होता. अण्णाचे डोळे मिटलेले, हात अजून पुढेच. आम्ही नाडी बघितली. चालू होती, सावकाश. दिव्या म्हणाली डॉक्टरांना बोलवू का. मी म्हटलं थांब.

दहा मिनिटं गेली असतील. अण्णानं हात खाली घेतला. डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"तुळजे, पांढरं कशास घातलंस?"

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी वरून आल्यावर पांढरं हा शब्द तोंडातून काढला नव्हता, काढला असता तरी त्याला ऐकू आला नसता. गच्ची खालून दिसत नाही. वही मिटलेली, त्याच्या मांडीवरच.

तो म्हणाला, "आई रागावली आहे तुजवर. उठून बसली होती. मला म्हणाली, मी हिजला लाल घाल म्हणून सांगितलं, तरी पांढरं घातलं. ऐकत नाही ही."

मी वही घेतली. लिहिलं — *लाल का सांगितलं, ते बोलली?*

अण्णानं वाचलं. म्हणाला, "वर असताना त्याचे हात कापायला नकोत. मागे माणसं बसलेली असतात. असं म्हणाली."

आता ऐका. वर मी लिहिलंय की आई म्हणाली, लाल घाल सांगितलं ना. तिथं ती थांबली नव्हती. पुढे हेच म्हणाली होती, याच शब्दांत. वर असताना त्याचे हात कापायला नकोत, मागे माणसं बसलेली असतात. हे मी अण्णाला सांगितलं नव्हतं. वडिलांना नाही, नवऱ्याला नाही, मुलाला नाही. अण्णानं दारातच 'आई असं सांगणार नाही' म्हटल्यावर मी ठरवलं होतं की ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्याला बाकीचं सांगणार नाही. साठ वर्षं तोंड बंद ठेवलं. सुनेलासुद्धा हे आज, टाईप करताना कळतंय.

अण्णानं माफी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. कापी मागितली. मी दिली. दूध खरंच उतू गेलं होतं, थोडंच उरलं होतं, तरी कापीचा पहिला डवरा-पेला त्याला दिला.

तुम्हाला वाटेल आता मी लिहिणार की त्याच आठवड्यात अण्णा गेला. नाही गेला. ठणठणीत आहे. आत्ता हे सांगतेय तेव्हा तिण्णैवर बसून भाजीवाल्याला सांगतोय की वांगी कशी निवडावी, जन्मात वांगं निवडलं नाही त्यानं.

मुलगा म्हणतो तंजावरला लष्कराचा तळ आहे, त्यांचं एखादं विमान असेल. असेल. मग पंखा कुणी मागे ठेवला, आणि माझी वेट्टी बघून वळलं का? सून म्हणते अण्णांना डुलकी लागली, स्वप्न पडलं. पडलं असेल. मग पांढरं कसं कळलं, आणि ते वाक्य कसं कळलं? दिव्यानं परत गेल्यावर बरीच चौकशी केली. तशी विमानं कुठंतरी काचेआड ठेवलेली आहेत, उडणारं इकडे एकही नाही म्हणाली. मला कुणी नीट कारण सांगितलं तर मी ऐकून घेईन. मी हट्टी नाही, लोक म्हणतात तशी. अजून कुणी सांगितलेलं नाही.

नटेसन अजून येतो. त्यांच्या त्या दिवसांच्या गप्पांत आता एक दिवस वाढलाय. अण्णा सांगतो, तळं दिसलं, गच्चीवर पांढरं होतं, वळलो, तंजावरला उतरलो, घरी आलो तर आई उठून बसलेली. नटेसन त्या विमानात होता, ते वळलं नव्हतं हे त्याला माहीत आहे. तो मान खाली घालून ऐकतो. मी नाही ऐकत. मी स्वैपाकघरातून येते आणि वहीत लिहून त्याच्या डोळ्यांपुढे धरते — *वळला नव्हतास. लाल होतं. आईनं सांगितलं होतं.*

तो दर वेळी वाचतो आणि म्हणतो, "ठाव आहे."

तेवढं मला पुरे आहे.

अण्णाच्या वेट्ट्या मी आता मागच्या अंगणात वाळत घालते, गच्चीवर नाही. सून विचारते, घाबरता का? घाबरत नाही. पण चारच्या सुमारास वर पांढरं दिसलं की कुणीतरी वळून येणार, आणि आई पुन्हा मलाच बोलणार.